पायऱ्या नसलेली जागा

गल्लीच्या वार्षिक तंबूसहलीची समिती स्थापन झाली तेव्हा सहलीला अडीच महिने होते आणि कापडी फलक आधीच छापून आला होता. फलकावर गल्लीचं नाव होतं, साल होतं, 'एकोपा आणि निसर्ग' असं घोषवाक्य होतं आणि मागे बर्फाने झाकलेला एक डोंगर होता. बांडुंग शहराच्या आसपास बर्फ पडल्याचं कोणाच्या आजोबांनीही ऐकलेलं नाही, पण छापणाऱ्याकडे तेवढाच डोंगर होता. खाली जागेच्या नावासाठी एक पट्टी कोरी सोडली होती. ती भरणं हे पाहणी विभागाचं काम, आणि पाहणी विभाग म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर सुम्पेना.

एकोणीस वर्षं सुम्पेना या विभागाचे प्रमुख होते. विभागात त्यांच्याखेरीज कोणी नव्हतं, ही गोष्ट वेगळी. बत्तीस घरांच्या त्या गल्लीत अठ्ठावीस पदाधिकारी होते. वाहतूक विभाग होता, प्रार्थना विभाग होता, हवामान विभागसुद्धा होता. त्याचं काम एवढंच की मंत्राने पाऊस थांबवणाऱ्या म्हाताऱ्या आबाह ओयोनना वेळेवर निरोप द्यायचा. आणि अन्न विभाग होता सुम्पेनांच्या बायकोकडे, इमासकडे. तिने चुलीवर मोठ्या पातेल्यात खारी मासळी, गवती चहा आणि मिरच्या घालून शिजवलेला भात केळीच्या लांबच लांब पानांवर ओतायचा आणि सगळ्यांनी दोन्ही बाजूंना बसून हाताने खायचा, यासाठी लोक वर्षभर थांबत. बाकी सहल म्हणजे थंडीत कुडकुडत झोपणं, ते काय घरीही जमलं असतं.

यंदा मात्र सुम्पेनांना ही जागा एकाच माणसासाठी निवडायची होती, आणि तेच कोणाला सांगायची सोय नव्हती. समितीच्या आदल्या आठवड्यात डॉक्टरांनी त्यांना एकट्याला खोलीबाहेर बोलावलं होतं. यकृतात पसरलंय, म्हणाले. चार महिने, फार तर सहा. बाईंना सांगायचं की नाही, ते घरच्यांनी ठरवावं. घरचे म्हणजे सुम्पेना एकटेच; मुलगी दूर सुराबायाला. ठरवायला त्यांना इस्पितळाच्या वऱ्हांड्याएवढा वेळ मिळाला.

"काय म्हणाले?" इमासने विचारलं.

"पित्त."

"पित्त सांगायला एवढा वेळ?"

"पित्ताचे बरेच प्रकार असतात."

"बरं झालं बाई. मी म्हटलं काय निघतंय." ती मोकळेपणी हसली. गल्लीसारखंच तीही नवऱ्याला 'कांग', म्हणजे दादा, म्हणे. "मग सहलीला येते मी. फक्त यंदा पायऱ्या नकोत हं, कांग. दहा पावलं टाकली की धाप लागते मेली. सपाट जागा बघा. चुलीपाशी बसल्या बसल्या सगळं करीन."

सुम्पेनांनी हो म्हटलं. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून एक पत्र गहाळ झालं नव्हतं. आता एकच निरोप त्यांच्याजवळ होता आणि तो त्यांनी दाबून ठेवला होता.

या गल्लीत मतदान होत नाही. मतदान म्हटलं की कोणीतरी हरणार, आणि हरलेल्याच्या शेजारी उद्या नमाजाला उभं कसं राहायचं? म्हणून सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसायचं, हा रिवाज. तळलेली केळी संपतात, दुसरी येतात. कोणी कोणाला 'नाही' म्हणत नाही, म्हणतात, "तुमचं अगदी बरोबर, आता आणखी एक बाजू बघू." शेवटी सचिव इबू कोकोम, म्हणजे कोकोमबाई, पेन उचलून विचारतात, "सहमत?" त्यावर सगळे एका सुरात "सहमत!" म्हणतात. एक जरी आवाज कमी पडला, तरी त्या पेन खाली ठेवतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. इबू कोकोमना आवाज मोजायची सिद्धी आहे असं लोक म्हणतात.

पहिल्या बैठकीत अपेक्षा गोळा झाल्या. कोणाला नदी हवी होती, कोणाला नदीचा आवाज नको होता. प्रार्थना विभागाला वजूला, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायला, कोमट पाणी हवं होतं. तरुणांना फोनला रेंज हवी होती आणि त्यांच्या आयांना ती नको होती. सगळ्यांची एकच समान अपेक्षा निघाली, ती म्हणजे वरून दृश्य चांगलं दिसावं.

"आणि सपाट असावी," सुम्पेना म्हणाले. "गाडीतून उतरलं की तंबू."

"कांग सुम्पेनांचे गुडघेही निवृत्त झाले वाटतं!" अध्यक्ष रोहेंदी ओरडला. हा सायकलदुरुस्तीवाला, गल्लीतला सगळ्यात चालू जिभेचा माणूस. इमासच्या भाताला नावं ठेवायचा हक्क त्याने स्वतःकडे घेतला होता. एकोणीस वर्षांत एकदाही त्याने 'चांगला झालाय' म्हटलं नव्हतं. कधी गचका, कधी फडफडीत, कधी मासळी दाखवून काढून घेतलीत का, असं त्या तेतेहला, म्हणजे ताईला, ऐकवायचा. तीही त्याला सोडत नसे. "तुझ्या पंक्चरला जेवढं सोल्यूशन लावतोस तेवढं तरी डोकं वापर," म्हणायची, आणि पहिल्यांदा त्यालाच वाढायची.

पाहणीच्या रविवारी पाहणी विभागाबरोबर अकरा जण निघाले. आबाह ओयोनही आले. "मला जागा दाखवल्याशिवाय पाऊस हटवू कुठून?" ते म्हणाले. "अख्खा जिल्हा माझ्याच्याने आवरत नाही." गाडीत बसल्याबरोबर ते झोपले.

पासिर अंगिन ही जागा देवदारांच्या रानात उंच सोंडेवर होती. खाली रखवालदार हात जोडून उभा होता.

"पायऱ्या किती आहेत?" सुम्पेनांनी विचारलं.

"थोड्याच, बापा."

"थोड्या म्हणजे?"

"जवळच आहे."

"जवळ म्हणजे किती?"

"इथून दिसतंच की," रखवालदार म्हणाला आणि धुक्याकडे बोट दाखवलं.

सुम्पेनांनी खिशातून जप मोजायचं छोटं यंत्र काढून बोटात घातलं आणि पायरीगणिक बटण दाबत चढू लागले. रोहेंदी मागून येत होता. त्याच्या नजरेतून ते सुटणं शक्यच नव्हतं.

"कांग, हे देवाचं नाव मोजायचं ना? पायऱ्या कसल्या मोजताय?"

"पायरीगणिक नाव घेतोय," सुम्पेना म्हणाले, आणि ते खरं होतं.

दोनशे चौदा झाल्या. वर पोचल्यावर धुकं फाटलं आणि खाली सगळं खोरं उघडं पडलं: चहाचे मळे, पत्र्याची छपरं, लांबवर पाण्याचा एक चकाकता तुकडा. अकराच्या अकरा जण गप्प झाले, जे या गल्लीच्या इतिहासात क्वचितच घडलं असेल. मग सगळ्यांनी एकदम फोन काढले. आबाह ओयोननी तर कोणालाही न विचारता पाऊस अडवायची, लाल मिरच्या आणि कांदे खोचलेली काडी तिथेच जमिनीत रोवून टाकली. सुम्पेना एका दगडावर बसले. दृश्य फारच सुंदर होतं, आणि त्यांना त्याचा इतका राग आला की त्यांनी त्याच्याकडे पाठ केली.

दुसरी जागा लेगोक पाकिस. ती वनखात्याची होती, त्यामुळे आणखी कशासाठी नाही तरी वाहनतळासाठी उत्तम होती. वाहनतळापासून तंबूपर्यंत अकरा पावलं, तंबूपासून संडास सात. जमीन ताटासारखी सपाट. समोर कोबी धुवायची शेड, शेजारी ट्रक उभे करायची जागा, वाऱ्याबरोबर कोंबडखताचा दरवळ. झाडं होती, पण ती संडासामागे.

"इथे कशाला यायचं?" रोहेंदी म्हणाला. "मंडईत तंबू ठोकू. निदान घरी लवकर पोचू."

"मला आवडली," सुम्पेना म्हणाले.

त्यावर सगळे इतके सभ्यपणे हसले की त्यांना रडू यायचं बाकी राहिलं. पोस्टमास्तर होण्याआधी डोंगरातल्या सहा गावांचं टपाल सायकलवर वाहून नेलेला हा माणूस. त्याला आता परतीच्या वाटेवर गाडीत पुढची सीट देण्यात आली, पाय नीट पसरता यावेत म्हणून.

दुसरी बैठक झाली, तिसरी झाली. सव्वीस जण पासिर अंगिनच्या बाजूने आणि सुम्पेना एकटे कोबीच्या. इमासचं नाव काढलं असतं तर 'मग तिने पुढल्या वर्षी यावं' म्हणाले असते, म्हणून त्यांनी दरडीचं कारण काढलं. वाहतूक विभागाने सांगितलं, तिथे दरड कोसळल्याचं कोणाला आठवत नाही. त्यांनी सापांचं काढलं. आबाह म्हणाले, सापांशी माझं बोलणं होऊ शकतं. त्यांनी विजेचं काढलं. "तुमचं अगदी बरोबर, आता आणखी एक बाजू बघू," सगळे म्हणाले. इबू कोकोमनी पेन नऊ वेळा उचललं आणि नऊ वेळा ठेवलं. गल्लीत कुजबुज सुरू झाली की लेगोक पाकिसचा रखवालदार सुम्पेनांचा कोणीतरी लागतो. ही कुजबुज इमासनेच घरी आणली आणि पोट धरून हसली. मग पोट धरूनच बसली.

ती बैठकांना कधी बसत नसे, तळण देऊन परत जायची; चौथ्या बैठकीला तेवढ्यापुरतीही आली नाही, पडून होती. तळलेला कंद मात्र डबाभर पाठवला.

"कांग," रोहेंदी कंद चघळत म्हणाला, "एक खरं कारण सांगा. एकच. मी स्वतः माझी गादी त्या कोबीत नेऊन टाकतो."

सुम्पेना दरडीबद्दलच बोलणार होते. तसा कागदही आणला होता बरोबर. पण तोंडून निघालं ते असं: "इमासला चढणं जमणार नाही. आणि पुढल्या वर्षी बघू म्हणावं, तर तिला पुढलं वर्ष नाहीये."

रोहेंदीचा घास तोंडातच राहिला.

"तिला ठाऊक नाही," सुम्पेना म्हणाले. "तिला पित्त सांगितलंय. मला तेवढी सपाट जागा द्या."

डब्यातला कंद गार झाला. मग इबू कोकोमनी पेन उचललं, पण त्यांना 'सहमत' हा शब्द उच्चारताच आला नाही. न विचारताच सगळ्यांनी तो म्हटला. गल्लीतलं आजवरचं सगळ्यात झटपट झालेलं एकमत ते. घरी जाताना वाहतूक विभाग म्हणाला, कोबीचा वास फुप्फुसांना चांगला असतो असं त्यानं कुठेतरी वाचलंय.

मग सरकारी अडथळा आला. वनखात्याचा अर्ज तीन प्रतींत, त्यावर गल्लीप्रमुखाचा शिक्का, त्याला उपनगर कार्यालयाचं पत्र, आणि पत्रात तारीख मागच्या वर्षीची पडल्यामुळे तारीख दुरुस्तीचं दुसरं पत्र. एवढं झाल्यावर खिडकीतल्या माणसाने सांगितलं की प्रत्येक सहभागी व्यक्तीचा आरोग्य दाखला लागेल.

"पण जागा वाहनतळाला लागून आहे," सुम्पेना म्हणाले.

"अर्जावर 'पर्वतीय क्षेत्र' लिहिलंय ना, बापा."

सत्तेचाळीस जणांची वरात सरकारी दवाखान्यात गेली. तिथे सगळ्यांना भिंतीपाशी उभं करून उंची घेतली, काट्यावर चढवलं, रंग ओळखता येतात का विचारलं. डॉक्टरांनी मान वर न करता सत्तेचाळीस सह्या केल्या. इमासच्या कागदावर आलं: 'शरीराने व मनाने सुदृढ. पर्वतीय क्षेत्रात मुक्कामास योग्य.'

"बघा!" ती म्हणाली. "सरकार म्हणतंय मी ठणठणीत." घरी येऊन तिने तो कागद फ्रिजवर लावला. पाण्याची बाटली काढायला गेलं की सुम्पेना तो कागद रोज पुन्हा वाचायचे.

सहलीच्या दिवशी लेगोक पाकिसला दुपारी सपाटून पाऊस पडला. आबाह ओयोन म्हणाले, पाऊस थांबवलेलाच आहे, फक्त पासिर अंगिनवर. तिथून हटवलेला कुठेतरी पडणारच ना. एरवी यावर तासभर भांडण झालं असतं. त्या दिवशी सगळे म्हणाले, छान गारवा आला.

सगळंच छान होतं. इमास गाडीतून उतरली तेव्हा दार उघडायला चार जण होते. तिला घडीची खुर्ची मिळाली, पायाखाली उशी मिळाली, अंगावर एकावर एक पाच शाली आल्या. तिने मिरची कापायला घेतली की कोणीतरी सुरी काढून घेई, गवती चहा ठेचायला घेतला की दुसरी म्हणे, "राहू द्या हो, आम्ही आहोत ना." इबू कोकोम तर तिला भरवायलाच निघाल्या होत्या.

"अगं, मला पित्त झालंय, बाळंतपण नाही!" इमास करवादली. शाली भिरकावून ती चुलीपाशी जाऊन बसली आणि पातेल्याला कोणाला हात लावू देईना. सुम्पेना लांबून बघत होते. तिच्या कपाळावर घाम होता, धाप लागत होती, पण लाकडं मागेपुढे सारताना तिचा चेहरा वर्षापूर्वीचा झाला होता. या एका गोष्टीसाठी चार बैठका, अर्जाच्या तीन प्रती, सगळी थट्टा सोसली ती फुकट गेली नाही, असं त्यांना वाटलं. त्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना बरं वाटलं.

संध्याकाळ व्हायच्या आत पानं अंथरली गेली आणि भात ओतला. सगळे दोन्ही बाजूंना बसले. पहिला घास घेतला आणि सुम्पेनांच्या लक्षात आलं की भात खारट झालाय. नुसता खारट नाही. तिने मीठ एकदा घातलं, विसरली, पुन्हा घातलं, आणि वर मासळीचं मीठ वेगळंच. औषधांनी तिची चवच गेली होती.

पानाच्या दोन्ही बाजूंना सेहेचाळीस माणसं तो भात खात होती. कोणी पाण्याला हात लावत नव्हतं. लहान मुलांना आयांनी डोळ्यांनी दाबलं होतं.

इमास रोहेंदीसमोर उभी होती. "हं, बोल. काय बिघडलंय यंदा?"

"उत्तम झालाय, तेतेह," रोहेंदी म्हणाला आणि आणखी वाढून घेतला. "फारच उत्तम." त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "मिरची लागली जरा."

इमासने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग वाकून पानावरचा एक घास उचलला, तोंडात घातला, आणि पुष्कळ वेळ घोळवला. मग तिने रांगेवरून एकेका चेहऱ्याकडे बघत नजर फिरवली. कोणाचीही नजर तिच्या नजरेला मिळाली नाही. ती हात पुसून तंबूत गेली.

सुम्पेना मागोमाग गेले.

"डॉक्टर किती म्हणाले?" तिने विचारलं.

"अगं, पित्ताचे..."

"कांग. सरकार म्हणतं मी ठणठणीत, आणि रोहेंदी म्हणतो भात उत्तम. मी काय दुधखुळी आहे? किती?"

"चार महिने," सुम्पेना म्हणाले. "फार तर सहा."

तिने बोटांवर हिशेब केला. "त्यातले अडीच तुमच्या जागा शोधण्यात गेले."

सुम्पेना सतरंजीवर बसले आणि मुलासारखे रडले. ती त्यांना गप्प करायला पुढे झाली नाही.

"गल्लीतल्या बाकी सत्तावीसही पदाधिकाऱ्यांना माहीत," ती म्हणाली, "आणि मला नाही. माझ्या मरणाची समिती, आणि तीत मीच नाही. काय लावलंय हे? त्यांना मी मीठ खाऊ घातलं कांग, आणि एकानं शिवी दिली नाही मला. एवढी मी गेलेली आहे का?"

"मला वाटलं, तुला ही एक सहल तरी नेहमीसारखी मिळावी."

"नेहमीसारखी नव्हती ती," इमास म्हणाली. बऱ्याच वेळाने तिने आपली एक शाल त्यांच्या अंगावर टाकली.

सकाळी आढावा बैठक असते. आढावा झाल्याशिवाय समिती बरखास्त होत नाही, आणि बरखास्त झाल्याशिवाय कोणी घरी जात नाही. कोबीच्या शेडजवळ सतरंज्या टाकून सगळे बसले. इमास येऊन बसली. तिला कोणीतरी खुर्ची दिली. ती तिने बाजूला सारली.

"अन्न विभाग," इबू कोकोम वहीत बघत म्हणाल्या. "उत्कृष्ट, असं लिहू?"

"लिहा, भात खारट झाला," इमास म्हणाली. "रोहेंदी, सांग त्यांना."

रोहेंदी खाली बघत म्हणाला, "घशाखाली उतरत नव्हता, तेतेह. समुद्रच उकळलात तुम्ही. रात्रभर ट्रकवाल्याच्या पिंपातलं पाणी पितोय मी." आणि त्याचा आवाज फुटला.

"हं," इमास हसली. "आता कसं! लिहा हो, शब्दाला शब्द लिहा."

इबू कोकोमनी लिहिलं. रडत रडत हसणाऱ्या लोकांमुळे थोडा वेळ कामकाज थांबलं. मग वहीतला शेवटचा मुद्दा आला. तो दरवर्षीच असतो. त्या तो गाळून वही मिटायला लागल्या.

"पुढल्या वर्षीची जागा राहिली," इमास म्हणाली.

ट्रक कुठेतरी सुरू झाला.

"पासिर अंगिन घ्या," ती म्हणाली. "दृश्य चांगलं आहे म्हणता ना सगळे. भात कोकोमला शिकवते मी, दोन महिन्यांत येईल तिला. घाला प्रस्ताव."

इबू कोकोमनी पेन उचललं. "सहमत?" त्यांनी विचारलं. एका सुरात उत्तर आलं नाही. एकेक करत आलं, आबाह ओयोनचंही, सगळ्यात शेवटी रोहेंदीचं. मग थांबलं. इबू कोकोमचं पेन वरच राहिलं. एक आवाज कमी होता. सगळे इकडेतिकडे बघू लागले, कोबीकडे, आभाळाकडे. इमास एकटी सुम्पेनांकडे बघत होती.

"पाहणी विभाग?" ती म्हणाली.

"दोनशे चौदा पायऱ्या आहेत," सुम्पेना म्हणाले.

"असू देत. चढा हळूहळू."

"सहमत," सुम्पेना म्हणाले.

इबू कोकोमनी अगदी हलक्या आवाजात सांगितलं की ऐकू आलं नाही, नियमाप्रमाणे पुन्हा म्हणावं लागेल. सुम्पेनांनी घसा खाकरला, आणि दुसऱ्यांदा सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं.